झऱ्यातली पाणपाल

१० जून, मंगळवार

सगळ्यात आधी टपकली ती डेल्फाच, आणखी कोण येणार? काउंटीच्या आरोग्यखात्याची पांढरी गाडी अजून घळीच्या तोंडाशी होती, तोवर ही सपाता ओढत माझ्या व्हरांड्यात हजर. "व्हर्जी, आले गं! एक बाई, एक बाप्या. बाप्याचे दात बघ, सगळे त्याचेच आहेत!" बोलताना तिच्या स्वेटरवरचा मांजराचा केस उडून माझ्या कॉफीत पडला. मी कॉफी तिच्यादेखत कठड्यावरून ओतून दिली. तिला काही वाटलं नाही. आठ मांजरं पाळणाऱ्या बाईला कशाचंच काही वाटत नाही.

मग ते दोघं आले. बाईचं नाव मिस टकेट. टकेट म्हटल्यावर मी निम्मी निवांत झाले. टकेट लोक पलीकडच्या डोंगरातले, माझ्या आईच्या मावशीनं टकेटाशीच लग्न केलं होतं. शिवाय बाईच्या नखांत माती होती. बाप्या ओल्सन नावाचा, कुठून तरी उत्तरेकडचा. बूट नवे, हात असे धुतलेले की बघून वाटावं आत्ताच प्रेताला हात लावून आलाय. एवढ्या स्वच्छ हाताच्या माणसानं आमच्या घळीत येऊन कोणाचं भलं केल्याचं मला आठवत नाही. तो बोलला फार कमी. जे बोलला ते मी ऐकलं नाही.

त्यांना झरा बघायचा होता. घळीतली पोरं पोटाच्या तक्रारीनं दवाखान्यात फार येतात म्हणे. मी म्हटलं, बघा की. डोंगराच्या पोटातून नळकांडं आलंय, खाली दगडी कुंडी आहे, माझ्या आजोबांनी बसवलेली. सगळी घळ इथंच कॅन भरते. मी ओंजळभर पिऊन दाखवलं. ओल्सननं कुंडीत वाकून बघितलं आणि एकदम मागे सरला.

"आत काहीतरी वळवळतंय!"

"पाणपाल आहे ती," मी म्हटलं. "लाल, ओली, चार पायांची. तिला हात लावू नका. ती मेली तर झरा आटतो."

"मिस व्हर्जी, तुम्ही पाल पडलेलं पाणी पिता?"

"पडलेली नाही, राहते ती तिथं. घाण पाण्यात पाणपाल एक दिवस टिकत नाही. ती आहे म्हणजे पाणी चांगलं, असं माझे आजोबा सांगायचे. एवढंही शिकवत नाहीत का तुमच्याकडे?"

डेल्फा खिदळली. त्याचा चेहरा असा झाला होता की माझी सकाळ सार्थकी लागली. त्यांनी छोट्या बाटल्यांत पाणी भरलं नि गेले.

आता मुख्य गोष्ट लिहायची राहिलीच. ही वही केंड्रानं, माझ्या नातीनं, दिलीय ती एझ्राचं लिहायला. एझ्रा तिचा मुलगा, माझा पणतू. सात महिन्यांचा, दोघं मायलेकरं माझ्याकडेच असतात. त्याचा बाप ट्रॅव्हिस पाइपलाइनच्या कामावर लांब आहे. केंड्रा दुकानात गल्ल्यावर उभी राहते आणि दिवसभर हा माणूस माझा. आज त्यानं माझं नाक धरून ओढलं आणि हसला. खालचे दोन दात. असं हसू या घळीत माझ्या नवऱ्यानंतर मी बघितलं नव्हतं, आणि नवऱ्याला दात नव्हते.

१४ जून, शनिवार

डायपर. लिहायला नको, पण लिहिते. हिरवं, पाण्यासारखं, वास असा की मी डोळे मिटून, तोंडानं श्वास घेत पुसते, तरी घशाशी येतं. सात मुलं वाढवलेली बाई मी. पण असला वास कधी आला नव्हता. सकाळपासून तिसऱ्यांदा.

केंड्रा म्हणते दात येतायत. मी काही म्हणत नाही. मला कारण माहीत आहे. नळाचं पाणी.

डॉक्टरनं तिला सांगितलंय, बाळाच्या दुधाची पावडर नळाच्या पाण्यातच कालवायची, उकळून. तुम्ही एकदा तो नळ सोडून वास घ्या. नुकतीच फरशी पुसलेली शाळा. ब्लीच! ज्यानं मी संडास घासते ते बाळाच्या पोटात. आणि ते काळं पाणी मी विसरलेले नाही. केंड्रा चौथीत होती. डोंगराच्या पलीकडे खाणीत काहीतरी फुटलं, आणि मी नळ सोडला तर मळीसारखं काळं, घट्ट पाणी भांड्यात पडलं. मी घेवडा भिजत घालणार होते त्यात. भांडं फेकून दिलं. नंतर पाणी साफ झालं, काउंटीनं सांगितलं, नवीन गाळण बसवलं, सगळं खरं. पण मी नळाकडे गेले की मला ते भांडंच दिसतं. माझी काय चूक?

म्हणून दिवसाच्या बाटल्या मी झऱ्याच्या पाण्यात करते. न उकळता. उकळलं की पाण्याचा जीव जातो. केंड्राला सांगितलेलं नाही. तिला कशाला काळजी? कॅन सिंकखाली पडद्यामागे असतो.

पण संध्याकाळची बाटली ती स्वतः करते, नळाची. आणि बघा, रात्रभर पोराचं पोट बिघडतं. यापेक्षा आणखी काय पुरावा पाहिजे? आजपासून किटलीत मी आधीच झऱ्याचं पाणी भरून ठेवते. तिला कळत नाही. किटली ती किटली.

माझंही पोट जरा ढिलं आहे. परवाचा घेवडा असेल, डुकराच्या चरबीत शिजवलेला.

२२ जून, रविवार

चर्चमध्ये वर्षाचं जेवण होतं. अंगणात लांब टेबलं, प्रत्येकीनं एकेक पदार्थ आणायचा. मी भरल्या अंड्यांची ताटली नेली. पिवळं कुस्करून परत भरलेली, वर तिखटाची भुकटी. पहिली संपली. माझी नेहमी पहिली संपते. माझ्या स्वयंपाकघराच्या फरशीवर जेवता येईल हे सगळ्यांना ठाऊक आहे.

डेल्फाची बटाट्याची कोशिंबीर जशीच्या तशी घरी गेली. दरवर्षी जाते. लोक वाढून घेतल्यासारखं करतात, चमचा फिरवतात, पुढे सरकतात. बिचारी दरवर्षी म्हणते, "यंदा जरा जास्तच केली होती."

होबर्टनं ब्लॅकबेरीचा 'पाय' आणला होता, कणकेत फळं भरून भाजलेला. होबर्ट घळीच्या खालच्या टोकाला राहतो, डुकरं पाळतो, तंबाखू चघळून कॉफीच्या डब्यात थुंकतो आणि तो डबा हातात घेऊन फिरतो. चर्चमध्येसुद्धा. त्या हातांनी मळलेलं पीठ! टेबलावर त्याच्या ताटलीभोवती मोकळी जागा पडली होती, जसं काही ती ताटलीच थुंकेल. पास्टरसाहेबांनी एक तुकडा घेतला. चेहऱ्यावरून कळत होतं की देवासाठी घेतला.

रॉन्डलनं बँजो वाजवला. डेल्फाचा पुतण्या, शहरातली नोकरी सोडून आलाय. गेल्या शरदात झऱ्याच्या वरच्या सपाटीवर ट्रेलरचं घर आणून ठेवलंय त्यानं. तिथून काय देखावा दिसतो! पडदे पांढरे, दाराशी फुलांच्या कुंड्या, बूट बाहेर काढून ठेवतो. भांग पाडलेला, दाढी केलेली, "मिस व्हर्जी, तुमचे कॅन मी आणतो ना" म्हणतो. असा मुलगा. मी विचारलं, एवढं सगळं एकट्यानं उभारलंस? म्हणाला, "हो ना, मिस व्हर्जी. टाकीचा खर्च परवडेना, म्हणून मागे एक पाइप टाकलाय झाडीत. कोणाच्या डोळ्यांवर येत नाही." बघा, नीटनेटकेपणा म्हणजे काय! दुसरा असता तर दारातच घाण केली असती.

एझ्रानं आज काही खाल्लं नाही. माझ्या मांडीवर झोपून होता. गाल हलके लागले हाताला.

२६ जून, गुरुवार

मिस टकेट परत आली, दात घेऊन. म्हणजे ओल्सनला घेऊन. झऱ्याच्या पाण्यात घाण निघाली. कसली घाण, मी विचारलं. बाईनं सरळ सांगितलं, "पोटातली. माणसाची किंवा जनावराची. विष्ठा, मिस व्हर्जी."

माझ्या हातात भाकरी होती, मक्याची, ताकात बुडवलेली. ती खाली ठेवली. डेल्फा म्हणाली, "ई, मला ओकारी येईल, मी नाही ऐकत," आणि आणखी जवळ सरकली.

मी त्यांना कुंडीपाशी नेलं. पाणी काचेसारखं. तळाचा खडा न् खडा दिसत होता. दगडाखाली पाणपाल, लाललाल, गुबगुबीत. मी म्हटलं, "हिला विचारा."

"तिला तुमच्या पोटातले आजार होत नाहीत," मिस टकेट म्हणाली. "तिला खाणीची आंबट घाण चालत नाही, हे तुमच्या आजोबांनी बरोबर हेरलं होतं. पण संडासातली तिला चालते. कदाचित आवडतही असेल. गुबगुबीत झालीय बघा."

टकेट असून असं बोलावं! मला तिचं वाईट वाटलं. ओल्सननं बिघडवलं तिला.

त्यांनी खांबावर पिवळी पाटी ठोकली, पाणी पिऊ नका म्हणून. जनावर किंवा माणूस, असं बाई म्हणाली तेव्हाच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. होबर्ट! आणखी कोण? डुकरं, थुंकी, तो डबा, तो वास. मी म्हटलं, "त्याच्या वाड्यात जाऊन बघा. नाकावर रुमाल धरून जा." डेल्फा म्हणाली, "रॉन्डलनंही हेच म्हटलं होतं." ते दोघं एकमेकांकडे बघून गेले. मीही मनात म्हटलं, झालं, सापडला एकदाचा.

ते गेल्यावर मी पाटीवर भांडी पुसायचं फडकं वाळत घातलं आणि कॅन भरला. दुसरं काय करणार, नळाचं देऊ पोराला?

१ जुलै, मंगळवार

दवाखान्यातून लिहितेय. रविवारी एझ्राचे डोळे आत गेले. रडताना पाणी येईना. केंड्रानं त्याला गाडीत घातलं तेव्हा तो रडतही नव्हता, आणि ते मला जास्त भयंकर वाटलं.

त्याच्या इवल्या हाताला सुई टोचून नळी लावलीय. हाताला फळी बांधलीय, हलवू नये म्हणून. या दवाखान्याची किळस येते मला. ब्लीचचा वास, सगळीकडे तोच वास, नर्सच्या हाताला, चादरीला. हात धुण्याच्या पाण्याला. मी केंड्राचा हात धरून बसले. ती मला लहानपणापासून मॅमॉ म्हणते, आजीला. सारखी विचारते, "मॅमॉ, मी काहीतरी चुकवतेय. बाटल्या नीट उकळत नाहीये का मी? तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, "तू काही चुकवत नाहीस गं." ते खरंच होतं.

ट्रॅव्हिसची आई ग्लेना आली. गावात राहते. भांडी घासताना रबरी मोजे घालते, त्यावरून ओळखा बाई कशी असेल. दारात उभी राहून म्हणाली, "केंड्रा, बाळाला घेऊन माझ्याकडे ये. त्या घळीतलं घर... मी काही म्हणत नाही, पण."

"काय म्हणत नाहीस?" मी विचारलं.

"काही नाही, व्हर्जी. म्हातारं घर आहे, एवढंच."

माझ्या फरशीवर जेवता येतं! तिच्या फरशीवर चालायलासुद्धा भीती वाटते. केंड्रा काही बोलली नाही. ती काही बोलली नाही हे मी लिहून ठेवते. पोरगं गेलं माझ्याकडून तर या घरात मी भिंतींशी बोलेन, आणि भिंती डेल्फापेक्षा बऱ्या एवढंच.

५ जुलै, शनिवार

आम्ही घरी आलो. सुईतल्या पाण्यानं एझ्राला तरतरी आली, माझं नाक परत ओढलं. दवाखान्यात बरा झाला याचं कारण मी शोधून काढलंय. तिथं घरचा नळ नव्हता.

आज होबर्ट आला. टोपी हातात, डबा दुसऱ्या हातात. मी त्याला पायरीच्या वर येऊ दिलं नाही.

"व्हर्जी, तू काउंटीच्या लोकांना माझ्याकडे धाडलंस."

"धाडलं. मग?"

"दोन दिवस माझ्या वाड्यात उकरत होते. डुकरं घाबरली. एक गाभण होती." तो डब्यात थुंकला. मला शिसारी आली, मी दुसरीकडे बघितलं. "एक विचारतो. झरा वर आहे. मी खाली आहे. माझी डुकरं डोंगर चढून तुझ्या कुंडीत हगायला जातात का गं? रांगेनं जातात की एकेक?"

डेल्फा आत होती, तिनं फस्सकन हसू सोडलं. मी म्हटलं, "वास तर तुझ्याकडूनच येतो."

"वास वर येतो, व्हर्जी. पाणी खाली जातं."

"तंबाखू खाऊन खाऊन तुझ्या डोक्यात भुस्सा झालाय, होबर्ट."

"असेल. बाळ कसं आहे?"

बरं आहे म्हटलं. तो गेला. पायरीवर तपकिरी शिंतोडा ठेवून गेला, ब्लीचनं पुसला. माणूस घाण तो घाणच. त्याचं म्हणणं मात्र दिवसभर डोक्यात राहिलं, माशीसारखं. मग मी कॅन भरून आणला आणि ते गेलं.

१० जुलै, गुरुवार

ओल्सन घरोघरी संडासात रंग टाकत फिरतोय. एक दिवस एक घर. कोणाच्या संडासाचं पाणी कुठं जातं ते बघायला म्हणे. पावडर नारिंगी, पाण्यात पडली की हिरवी. पिण्यात गेली तरी काही होत नाही म्हणे. माझ्याकडे सोमवारी येऊन गेला. परका माणूस, असले दात, माझ्या संडासात वाकलेला. मी आधी दोनदा घासून ठेवला होता, तरी लाज वाटली. साखळी ओढली, आणि काहीही झालं नाही. माझं सगळं टाकीत जातं, मी सांगितलंच होतं.

आज रॉन्डलकडे गेलाय. त्या बिचाऱ्याला उगाच त्रास. त्यानं त्यांना लिंबाचं सरबत दिलं, डेल्फा सांगत होती.

११ जुलै, शुक्रवार

जमेल तसं लिहिते.

सकाळी लवकर कॅन भरला, नेहमीसारखा. अंगणात अजून उजाडलं नव्हतं नीट. बाटली केली. एझ्रा पीत होता, एक हात बाटलीवर, एक माझ्या अंगठ्यावर. इतक्यात केंड्रा परत आली, दुकानाची किल्ली विसरली होती. तिनं खिडकीतून येणाऱ्या उन्हात बाटली बघितली आणि त्याच्या तोंडातून ओढून काढली.

दूध हिरवट होतं. काकडीच्या लोणच्याच्या पाण्यासारखं.

मी ओरडले, "बघ! म्हटलं नव्हतं मी? नळाला आता हिरवं आलं!"

केंड्रानं नळ सोडला. पेला भरला. उन्हात धरला. स्वच्छ होता.

मग तिनं किटलीचं झाकण काढलं. आत बघितलं. मग खाली वाकली आणि सिंकखालचा पडदा बाजूला केला. कॅन बाहेर ओढला. त्या कॅनचा रंग मी सांगत नाही. सांगितला तर मला इथंच ओकारी होईल.

"मॅमॉ, हे कुठलं पाणी?"

"झऱ्याचं. पण काल ते—"

"कधीपासून?"

"अगं, तू लहान होतीस तेव्हा तुलाही मी—"

"कधीपासून, मॅमॉ?"

"तू कामावर जायला लागल्यापासून," मी म्हटलं. "नळाचा वास येतो गं. तुला येत नाही का?"

ती आरडाओरडा करेल असं वाटलं. केली असती तर बरं झालं असतं. एझ्रा बाटलीसाठी रडत होता, ती त्याला थोपटत होती, आणि अगदी हळू म्हणाली, "तो दवाखान्यात होता. मी विचारत होते माझं काय चुकतंय. तू माझा हात धरून बसली होतीस."

दुपारपर्यंत ग्लेनाची गाडी आली. केंड्रानं पाळणा मोडून गाडीत घातला. माझ्या पुढ्यातून जाताना एझ्रानं माझ्या नाकाकडे हात केला. पोचला नाही.

१२ जुलै, शनिवार

सगळी घळ झऱ्यापाशी जमली होती. नळकांड्यातून हिरवंगार पाणी वाहत होतं, वसंतातल्या कोवळ्या गवतासारखं. कुंडी हिरवी, दगड हिरवे. पाणपाल त्या हिरव्यात मजेत फिरत होती, तिला पत्ताही नव्हता. मला ती पहिल्यांदाच किळसवाणी दिसली. चिकट. उघड्या तोंडाची.

मिस टकेटनं रॉन्डलचं नाव घेतलं नाही. ती वर बघत होती, सगळे वर बघत होते. पांढरे पडदे, फुलांच्या कुंड्या. रॉन्डल दारात उभा होता, भांग पाडलेला.

मग डेल्फा झुडपात जाऊन ओकली. तिचा स्वतःचा पुतण्या. वास आला नि आणखी दोघी गेल्या तिच्यामागे. मीही गेले. म्हातारपणी झुडपात, गुडघ्यांवर. शरदापासून हिवाळा, हिवाळ्यापासून आत्तापर्यंत मी रॉन्डलचं प्यायले. कॉफीत, घेवड्यात. भरली अंडी उकडायलासुद्धा तेच पाणी होतं, आणि सगळ्यांनी ती पहिली संपवली. कोणाला तो हिशेब अजून सुचलेला नाही. मी सांगणार नाही.

होबर्ट आला होता. मला वाटलं आता बोलेल. तो नुसता थुंकला, डब्यात, आणि म्हणाला, "चल व्हर्जी, घरी सोडतो." त्याच्या गाडीत बसले. आत डुकराचा वास होता. मी खिडकी उघडली. तरी, खरं सांगायचं तर, शरदापासून मी जे प्यायले त्याला वास नव्हता.

२१ जुलै, सोमवार

घर शांत. इतकं स्वच्छ आहे की कंटाळा येतो.

केंड्राचा फोन आला, दोन मिनिटं. एझ्रा ग्लेनाकडे गेल्यापासून पोट नीट आहे. वजन वाढतंय. ग्लेना नळाचं पाणी उकळून देते. तेच पाणी, तोच ब्लीच. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण मला हे आवडलेलं नाही, आणि जे आवडत नाही ते मी विसरते हे आता मला कळायला लागलंय.

लोक झऱ्यावर परत जायला लागलेत. पाणी पुन्हा काचेसारखं झालंय ना! रॉन्डलची टाकी अजून आलेली नाही, पाइप तिथंच आहे, पाटी तिथंच आहे. मी डेल्फाला म्हटलं, "अगं, मूर्खा, रंग गेला, बाकीचं गेलं नाही." म्हणाली, "बघितलंस का, किती स्वच्छ दिसतंय! आणि पाणपाल आहे." मी तिच्याकडे बघत राहिले. माझंच तोंड बोलतंय असं वाटलं, मांजराच्या केसांसकट.

मी आता कसलंच पाणी पीत नाही. झऱ्याचं बघितलं की पेला परत ठेवते. नळाचं जवळ नेलं की तेच. दुकानातून आणलेल्या गोड सोड्यावर जगतेय.

१० ऑगस्ट, रविवार

आज पाहुणे आले. केंड्रा आणि एझ्रा. पाहुणे! केंड्रानं दारावर टकटक केली. स्वतःच्या घराच्या दारावर.

काय गोंडस झालाय तो! गालांना वळ्या, मांड्यांना वळ्या, मानेच्या वळीत घाम नि आंबट दूध अडकलेलं. ती घाणसुद्धा मी बोटानं हसत हसत काढली. रांगतो आता. माझ्या फरशीवरून थेट टेबलाखाली गेला आणि बसून टाळ्या पिटल्या. वरचे दोन दातही आलेत. मी रडले नाही, तसं ठरवलंच होतं.

त्याला भूक लागली तेव्हा केंड्रानं पिशवीतून बाटली काढली. पाणीही बरोबर आणलेलं, ग्लेनाकडून. मी उठले होते किटलीकडे, परत बसले.

जरा वेळानं म्हटलं, "पुढच्या वेळी मी करू? नळाचं. उकळून. तू उभी राहून बघ हवं तर."

"मॅमॉ, तू नळाच्या पाण्याला विष म्हणतेस. मी दुकानात गेल्यावर तू काय करशील ते मला कसं कळणार?"

"मी सांगतेय ना."

"मागच्या वेळीही किटली भरलेलीच असायची."

मग ती उठली, पेला नळाखाली धरला आणि माझ्यापुढे ठेवला. "पी."

मी प्यायले. फरशी पुसलेली शाळा. काळं भांडं डोळ्यांपुढे आलं, दवाखाना आला, ती फळी बांधलेला हात आला. अर्धा पेला गेला आणि माझं तोंड असं वेडंवाकडं झालं की एझ्रा खदाखदा हसायला लागला. केंड्रालाही हसू आलं. मग तिनं ते आवरलं.

"हे बघ," ती म्हणाली, "ज्या दिवशी तू तोंड वाकडं न करता पेलाभर पिशील ना, त्या दिवशी मी मानेन की तू त्यालाही देशील. तोंड तुला खोटं करता येत नाही, मॅमॉ. बाकी सगळं येतं."

"असं तोंडावरून कोणी पारख करतं का?" मी म्हटलं.

"तुझीच नात आहे."

जाताना एझ्राला माझ्या नाकापाशी धरलं तिनं. त्यानं ओढलं, चांगलं जोरात.

ते गेल्यावर मी आरशापुढे पेला घेऊन उभी राहिले. पहिला घोट, वाकडं. दुसरा, वाकडं. आंघोळीच्या खोलीतला आरसा बारका आहे, म्हणून पुढच्या खोलीतल्यापुढे जाऊन बघितलं, तिथं आणखी वाकडं दिसलं. डेल्फा दारात येऊन बघत होती. "वेड लागलं का गं?" म्हणाली. मी तिसरा घेतला.

पुढच्या रविवारी येतो म्हणालेत. सतरा तारखेला, चर्च सुटल्यावर.